पिल्लांच्या पायाला चिकटलेल्या गोळ्या आणि ब्रूडरमधली ओल

ब्रूडरमधलं, म्हणजे दिव्याच्या उबेत पिल्लं वाढवायच्या खोक्यातलं, कोंबडीचं पिल्लू हातात घेतलं की आपण आधी त्याचे डोळे बघतो, चोच बघतो, पाठीच्या मऊ लवीवरून बोट फिरवतो. पाय बघायचे राहून जातात. पहिल्या खेपेला मीही ते पाहिले नव्हते. सातव्या की आठव्या दिवशी एक पिल्लू जड बूट घातल्यासारखं पाय उचलून चालताना दिसलं. उलटं करून पाहिलं तर मधल्या बोटाच्या टोकाला मटाराएवढी राखाडी गोळी होती, दगडासारखी घट्ट. वाळलेली माती असेल असं समजून मी ती चिमटीत धरून ओढली. गोळीबरोबर नख निघून आलं आणि बोटातून रक्त वाहायला लागलं. पिल्लू ज्या आवाजात ओरडलं तो मी विसरलेले नाही. बाकीची पिल्लं तपासली, तर अकरा जणांच्या पायांना तसल्याच गोळ्या होत्या. म्हणजे दुखणं त्या एका पिल्लाचं नव्हतं. ज्या जमिनीवर ती सगळी उभी होती, तिचं होतं.

त्यानंतर मी रोज आधी पिल्लांचे पाय बघायला लागले. ब्रूडरमध्ये काय बिघडतंय हे नाकाला किंवा डोळ्यांना कळण्याच्या बरंच आधी पायांवर उमटतं. ते वाचायचं कसं, आणि पायाचं कोणतं दुखणं जमिनीतून येतं, कोणतं दाण्यातून आणि कोणतं अंड्यातूनच, हे जमेल तितकं सोपं करून सांगते.

आधी पाय ओळखू

कोंबडीचा गुडघा उलटा वाकतो असं पुष्कळांना वाटतं. जो सांधा मागे वाकलेला दिसतो तो खरं तर घोटा आहे. गुडघा त्याच्या वर, पिसांत लपलेला असतो. घोट्याखाली खवल्यांची नडगी आणि तिच्याखाली बोटं: बहुतेक जातींत चार, तीन पुढे आणि एक मागे. सिल्की किंवा डॉर्किंगसारख्या काही जातींना पाच असतात. थोडक्यात, कोंबडी जन्मभर बोटांवर चालते. बोटं जिथे एकत्र येतात तिथली छोटी उशी म्हणजे तळवा. पक्ष्याचं सगळं वजन या तळव्यावर आणि बोटांच्या खालच्या उशांवर येतं.

एक दिवसाच्या पिल्लाचं वजन साधारण 35 ते 45 ग्रॅम असतं. त्याच्या पायाची कातडी पातळ, खवले मऊ, हाडं अजून पुरती कडक न झालेली. म्हणून या वयात पाय पटकन बिघडतो. तो पटकन सुधारतोही, पण हे दार फार दिवस उघडं राहत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत साध्या चिकटपट्टीने सरळ होणारं बोट पंधरवड्यानंतर तसंच वाकडं राहून जातं.

गोळी तयार कशी होते

पिल्लाची नेहमीची विष्ठा बऱ्यापैकी घट्ट असते आणि तिच्यावर पांढरी टोपी असते. पण आठ-दहा वेळांतून एकदा वेगळीच विष्ठा पडते: तपकिरी, गुळगुळीत, चिकट, घाण वास येणारी. ती आंधळ्या आतड्यातून आलेली असते आणि तिच्यात काहीही वावगं नाही. नव्याने पक्षी पाळणारे तिला जुलाब समजून घाबरतात. गोळीची सुरुवात बहुतेक वेळा हिच्यापासूनच होते. पिल्लू त्यावर पाय देतं, पातळ थर नखाभोवती बसतो, त्यावर भुशाचे कण चिकटतात. मग पिल्लू दिव्याखाली जाऊन बसतं आणि थर वाळतो. पुन्हा ओलीत पाय, पुन्हा ऊब. दोन-तीन दिवसांत थरावर थर चढून गोळी होते.

भुसा कोरडा असेल तर ही साखळी तिथेच तुटते. विष्ठेवर लगेच भुसा बसतो, ती सुकते, पिल्लं पायांनी उकरून तिचा चुरा करतात. गादी, म्हणजे खाली अंथरलेला भुशाचा थर, ओली असेल तर असं होत नाही. गोळ्या दिसल्या म्हणजे तुमची पिल्लं उकरू न शकणाऱ्या जमिनीवर उभी आहेत.

गोळीचा त्रास दिसतो त्याहून मोठा असतो. आतलं बोट वाढत असतं आणि बाहेरचं कवच वाढत नाही. घट्ट अंगठी बसल्यासारखं होऊन बोटाच्या टोकाचा रक्तपुरवठा आवळला जातो. पिल्लाला पकड घेता येत नाही, ते घसरतं, उकरत नाही, दाण्यापाशी मागे पडतं. आणि एखादं बोट लाल झालं की बाकीची त्यावर चोच मारायला लागतात.

काढायची कशी

ओढायची नाही, कापायची नाही, फोडायचीही नाही. कोमट पाणी घ्या. तान्ह्या बाळाच्या अंघोळीला हाताच्या मनगटावर जसं पाहतो तसं पाहून घ्या. उथळ भांड्यात घोट्याच्या खालीच राहील एवढं पाणी ठेवा आणि पिल्लाला तळहातात धरून त्यात दहा-पंधरा मिनिटं उभं करा. पोट बुडू देऊ नका. पहिल्या काही दिवसांत बेंबी पुरती मिटलेली नसते आणि घाण पाण्यातले जंतू तिथून थेट आत जातात. पाणी गढूळ झालं की बदला, गार झालं की बदला. गोळी चिखलासारखी झाली की दोन बोटांत हलकेच चुरा. पहिला थर निघाला आणि आतला अजून घट्ट लागला, तर पुन्हा भिजवा. एका बैठकीत नाही निघाली तर उद्यावर ठेवा. घाई केली की नख जातं, हे मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे.

मग पाय टिपून घ्या आणि अंग पुरतं सुकेपर्यंत पिल्लाला उबेत ठेवा. ओलं पिल्लू काही मिनिटांत गारठतं. नख निघालंच आणि रक्त आलं, तर स्वच्छ कापडाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा, पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा आणि बोटाचा लाल रंग जाईपर्यंत ते पिल्लू जाळीआड वेगळं ठेवा. बाकीची दिसत-ऐकू येत राहिली की ते एकटेपणाने ओरडत बसत नाही. पायाला तेल चोपडून पुन्हा भुशात सोडू नका. तेलकट पायाला भुसा दुप्पट चिकटतो.

पाय बघताना शेपटीखालीही बघा. तिथे विष्ठा वाळून मार्ग बंद झालेला असेल तर पहिल्या आठवड्यात पिल्लू त्याने दगावू शकतं. कोमट पाण्याच्या बोळ्याने मऊ करून पुसायचं. पोटाच्या मध्यावर वाळलेल्या नाळेचा काळा धागा लोंबत असतो. त्याला मात्र हात लावायचा नाही. घाण समजून तो ओढला तर आतलं बाहेर येऊ शकतं.

ओल येते कुठून

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गोळ्या काढून पिल्लं पुन्हा त्याच गादीवर सोडली, तर चार दिवसांनी तेच काम परत करावं लागतं.

एक साधा हिशेब करू. पिल्लू जितका दाणा खातं त्याच्या साधारण दुप्पट वजनाचं पाणी पितं. समजा एक पिल्लू दिवसाला 15 ग्रॅम खातं, तर पाणी 30 मिलिलिटर. पन्नास पिल्लं असतील तर रोज दीड लिटर पाणी त्या खोक्यात जातं. त्यातलं थोडं वाढीला लागतं, थोडं श्वासातून वाफ होऊन जातं, बाकीचं विष्ठेतून गादीवर पडतं. एक थेंब न सांडताही हे घडतं. भांड्यातून सांडलेलं पाणी याच्यावर.

म्हणून ब्रूडर कोरडा ठेवणं म्हणजे आत आलेलं पाणी तितक्याच वेगाने बाहेर घालवणं. ते हवेतूनच जाऊ शकतं. इथेच बहुतेकांची गल्लत होते. पिल्लांना थंडी वाजेल या भीतीने आपण ब्रूडर वरून, बाजूंनी, सगळीकडून झाकतो. आतली दमट हवा आतच राहते, थंड कडांवर तिचं पाणी होतं आणि ते गादीत परत उतरतं. पिल्लांना जमिनीलगत वाऱ्याचा झोत नको असतो, हे खरं. पण गरम दमट हवा वर चढते, तिला वरून वाट मोकळी हवी. बाजू बंद आणि वरचा भाग जाळीचा, ही रचना मला सर्वांत सोपी वाटते. ऊब कमी पडली तर दिवा खाली घ्या किंवा वाढवा. हवा कोंडून ऊब टिकवू नका.

पाण्याचं भांडं हा दुसरा उगम. ते पिल्लाच्या पाठीच्या उंचीला असावं. त्याहून खाली असलं की पिल्लं त्यात पाय घालतात आणि भुसा उडवतात. दर तीन-चार दिवसांनी पिल्लं उंच होतात, तेव्हा भांडंही वर घ्यावं लागतं. हे काम आपण हमखास विसरतो. मी एका पसरट ट्रेवर बारीक जाळी ठेवते आणि जाळीवर भांडं. सांडलेलं पाणी ट्रेत पडतं, गादीत जात नाही, आणि ट्रे रोज रिकामा करते. चोच लागली की थेंब सोडणारी निपल लावता आली तर उत्तमच, फक्त एखादी निपल गळत नाही ना ते बोट लावून बघत जा. गळणाऱ्या निपलखाली एका रात्रीत चिखल होतो.

तिसरा उगम दाण्याचा आहे, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. दाण्यात मीठ जास्त झालं की पिल्लं जास्त पाणी पितात आणि विष्ठा पातळ होते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना घातलं तरी हेच होतं. त्या खाद्यात कॅल्शियम साधारण साडेतीन ते चार टक्के असतं, पिल्लाला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकताना मूत्रपिंडावर ताण येतो आणि गादीही ओली होते. पिल्लांना पिल्लांचंच खाद्य द्या.

गादी किती ओली आहे हे कळायला यंत्र लागत नाही. वरचा थर बाजूला करून आतला मूठभर भुसा घ्या, आवळा आणि मूठ उघडा. हात उघडताच भुसा मोकळा झाला तर ठीक. थोडा एकत्र राहून बोट लावताच सुटला तरी चालेल. लाडवासारखा गोळा तसाच राहिला तर गादी जास्त ओली आहे. उलट धूळ उडाली, तर तेही बरं नाही, ती धूळ पिल्लांच्या फुफ्फुसात जाते. वजनाच्या हिशेबात 20 ते 25 टक्के ओल चांगली समजली जाते, 30-35 च्या पुढे तळवे बिघडायला लागतात. आतला भुसाच घ्या असं म्हणते त्याचं कारण, दिव्याखाली वरचा थर वाळून कडक पापुद्रा होतो आणि हात फिरवला तर कोरडं लागतं. पापुद्रा उचलला की खाली ओल मुरलेली असते.

वास, आणि तळव्याचा डाग

पक्षी आपल्यासारखी पातळ लघवी करत नाहीत. विष्ठेवरची पांढरी टोपी म्हणजे युरिक आम्ल. गादीतले जिवाणू ते फोडतात आणि त्यातून अमोनिया निघतो. या जिवाणूंना ओल आणि ऊब लागते, आणि ब्रूडरमध्ये ऊब तर आपणच पुरवत असतो. आपल्या हाती उरते ती फक्त ओल.

अमोनिया ओलीत विरघळला की गादी अल्कधर्मी होते. पाण्यात फार वेळ राहिलेली आपली बोटं जशी पांढरी आणि मऊ पडतात, तशी पिल्लाच्या तळव्याची कातडी ओल्या गादीत मऊ पडते, आणि मग ही अल्कधर्मी, खारट ओल तिला चावते. आधी तळव्याच्या मध्यावर रंग बदलतो, खवले जाड होतात. मग तपकिरी-काळी खपली धरते आणि खपलीखाली व्रण असतो. मांसल जातीची पिल्लं भराभर वजन धरतात आणि बसूनही जास्त राहतात, त्यामुळे त्यांना हा त्रास लवकर होतो. काळा डाग चिखलाचा की खपलीचा, हे ओल्या कापडाने पुसून बघा. चिखल निघतो, खपली राहते.

खपली उकरू नका. सुरुवातीच्या डागाला बहुतेक वेळा कोरडी, मऊ, नवी गादी एवढंच औषध लागतं. खालून नवी कातडी येते. व्रण उघडा राहिला तर स्टॅफिलोकोकस ऑरियस जातीचे जिवाणू आत शिरून तळवा सुजतो आणि आत घट्ट पू साठतो. हे दुखणं मोठ्या, वजनदार पक्ष्यांत जास्त दिसतं, पण त्याला वाट करून देणारी जखम लहानपणीच झालेली असू शकते.

अमोनियाचं दुसरं नुकसान श्वासाचं. दहा लाखांत 25 भाग ही मर्यादा कुक्कुटपालनात सहसा पाळली जाते. 50 च्या पुढे बराच काळ राहिलं तर डोळे चुरचुरतात, मिटतात, बुबुळावर जखम होते. श्वासनलिकेतल्या ज्या बारीक केसांनी धूळ आणि जंतू बाहेर ढकलले जातात ते केसही निकामी होतात. आपलं नाक यात फार कामाचं नाही, कारण रोजच्या वासाला ते सरावतं. बाहेरच्या मोकळ्या हवेत पाच-दहा मिनिटं थांबून या आणि मग थेट ब्रूडरपाशी खाली बसून, पिल्लाच्या डोक्याच्या उंचीला नाक नेऊन श्वास घ्या. उभं राहून येत नाही तो वास तिथे येतो. पिल्लं तीच हवा चोवीस तास घेत असतात.

पाय वाकडा, पण गादी कोरडी

सगळा दोष ओलीवर टाकणंही चूक ठरेल. काही दुखणी साफसफाईने बरी होत नाहीत, आणि साफ करत बसल्याने वेळ हातचा जातो.

पाय दोन्ही बाजूंना फाकून पिल्लू पोटावर सपाट पडलं असेल, तर पहिल्यांदा खालची जमीन गुळगुळीत आहे का ते बघा. पसरलेलं वर्तमानपत्र, प्लास्टिक, लादी यांवर पिल्लाचे पाय घसरतात आणि मांड्या आवळून उभं राहण्याची ताकद तयार होण्याआधीच सांधे फाकतात. उबवणीच्या वेळी तापमान किंवा दमटपणा बिघडल्यानेही हे होतं. उपाय सोपा आणि बहुधा गुणकारी आहे: दोन्ही नडग्यांना मऊ चिकटपट्टीचा इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखा बंध घालायचा, मध्ये साधारण अडीच सेंटीमीटर, म्हणजे पाय बरोबर अंगाखाली येतील एवढं अंतर सोडायचं. खाली खडबडीत कापड किंवा मऊ रबरी जाळी अंथरायची. दाणा-पाणी त्याच्या तोंडाशी ठेवायचं, कारण पहिल्या दिवशी ते सारखं कलंडतं. बंध रोज सोडून पाहायचा, कारण पिल्लू रोज वाढतं. पहिल्या दोन दिवसांत केलं तर दोन ते पाच दिवसांत बहुतेक पिल्लं उभी राहतात.

बोटं आतल्या बाजूला मुठीसारखी वळली आहेत आणि पिल्लू घोट्यांवर बसून सरकतंय, तर जीवनसत्त्व बी-2, म्हणजे रायबोफ्लेविन कमी पडल्याचा संशय घ्यावा. हे साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसतं. बिघाड बोटात नसतो. मांडीतून पायाकडे जाणारी मोठी नस सुजते आणि तिच्यावरचं आवरण झिजतं, म्हणून बोटांना आज्ञाच पोहोचत नाही. लहान पिल्लाच्या दर किलो दाण्यात साधारण 3.6 मिलिग्रॅम रायबोफ्लेविन लागतं, आणि नुसत्या भरडलेल्या धान्यातून ते मिळत नाही. शिवाय उजेडाने ते नष्ट होतं. पारदर्शक पिशवीत उन्हात ठेवलेलं खाद्य वरून चांगलं दिसलं तरी आतून रिकामं झालेलं असू शकतं. लवकर लक्षात आलं तर पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स दिल्यावर काही दिवसांत फरक पडतो. नस जुनी खराब झाली असेल तर पाय परत येत नाही. कधीकधी कमतरता मूळ कोंबडीच्या खाद्यातच असते आणि पिल्लू ती घेऊनच अंड्यातून बाहेर येतं.

एकच बोट बाजूला वाकलेलं, पण पिल्लू मजेत चालतंय, ही वेगळी गोष्ट. आनुवंशिकता, उबवणीतली गडबड, तारेच्या जाळीची जमीन अशी त्याची कारणं असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत जाड कागदाचा पावलाएवढा तुकडा खाली लावून, बोटं पसरून चिकटपट्टीने बांधली तर ती सरळ होतात. नंतर लक्षात आलं तर राहू द्या, पिल्लू त्या बोटासह नीट जगतं.

एका पायाचा घोटा सुजून पसरट झालाय आणि पाय खालून बाहेर वळलाय, तर घोट्यामागचा स्नायूबंध आपल्या खाचेतून घसरलेला असतो. मँगनीज, कोलीन, बायोटिन यांची कमतरता हे त्याचं नेहमीचं कारण. या पिल्लाला लगेच पशुवैद्यकाला दाखवा. चोच रबरासारखी वाकत असेल आणि पिल्लू लंगडत असेल तर मुडदूस, म्हणजे जीवनसत्त्व डी-3, कॅल्शियम किंवा फॉस्फरसचा गोंधळ. सहा-आठ आठवड्यांच्या पक्ष्याचा एक पाय पुढे आणि एक मागे ताणलेला दिसला तर मरेक्स रोगाचा विचार करावा लागतो. तो विषाणूचा आजार आहे आणि त्याची लस अंड्यातून बाहेर पडल्या पडल्याच द्यायची असते.

आणि एक बारकावा. गादी खरोखर कोरडी असूनही तळव्यांना भेगा आणि खपल्या दिसत असतील, तर बायोटिन कमी पडत असेल. त्यात आधी तळवे बिघडतात आणि चोचीच्या कडा मागाहून. पॅन्टोथेनिक आम्ल कमी असेल तर बहुधा उलटा क्रम, आधी तोंडाचे आणि डोळ्यांचे कोपरे.

अंथरायचं काय

सुताराच्या रंध्याखालून निघणारे लाकडाचे पातळ छिलके मला सगळ्यात आवडतात. पाणी शोषतात, लवकर सुकतात, पायाला पकड देतात. भाताचं तूसही चालतं, ते मोकळं राहतं, मात्र पाणी कमी शोषतं. करवतीचा अगदी बारीक भुसा नको. धूळ होते आणि पहिल्या दिवसांतली पिल्लं तो दाणा समजून खातात. त्याच कारणाने पहिले दोन-तीन दिवस छिलक्यांवर खडबडीत कागद किंवा कापड अंथरावं, दाणा ओळखायला शिकली की काढून टाकावं. थर दोन ते चार इंचांचा. अंथरल्यावर पिल्लं येण्याच्या एक दिवस आधी दिवा लावून गादी गरम करून ठेवा. थंड गादीवर बसलेल्या पिल्लाचं पोट गारठतं, विष्ठा पातळ होते आणि पायांच्या गोळ्यांची सुरुवात पहिल्याच दिवशी होते.

कुबट वासाचा, बुरशी धरलेला भुसा सुकवून वापरू नका. ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू सुकून मरत नाहीत. पिल्लं ते श्वासातून घेतात आणि मान ताणून, चोच उघडून धापा टाकायला लागतात.

सफाई

रोजचं काम दहा मिनिटांचं आहे. भांड्याभोवतीची ओली जागा उचलायची, तिथे नवा भुसा टाकायचा, बाकीची गादी हाताने किंवा छोट्या पंजाने खालवर करायची, पापुद्रे काढून टाकायचे. दिव्याखालची जागा विसरू नका, रात्रीची बहुतेक विष्ठा तिथेच पडते. गर्दी असेल तर कितीही साफ केलं तरी पुरत नाही. चार आठवड्यांपर्यंत एका पिल्लाला निदान अर्धा चौरस फूट जागा हवी, आणि वाढेल तशी त्याहून जास्त.

रोज हात फिरवण्यामागे आणखी एक कारण आहे: रक्ती हगवण. तिचे परजीवी, आयमेरिया, विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच रोग देऊ शकत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते पक्व होतात आणि मगच पिल्लाच्या पोटात गेले तर आजार होतो. गादी कोरडी राहिली तर पुष्कळसे तिथेच संपतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांनी पिसं फुगवून बसणं आणि विष्ठेत रक्त दिसणं ही खूण. औषध म्हणून ॲम्प्रोलियम देतात. हे औषध जीवनसत्त्व बी-1 चं सोंग घेऊन परजीवीची उपासमार करतं. बी-कॉम्प्लेक्समध्ये खरं बी-1 असतं. त्यामुळे पाय वळलेत म्हणून बी-कॉम्प्लेक्स आणि रक्त दिसलं म्हणून ॲम्प्रोलियम, अशी दोन्ही एकाच भांड्यात घातली तर औषधाचा जोर कमी होतो. दोन्हींची गरज असेल तर क्रम पशुवैद्यकाला विचारा.

एक तुकडी गेल्यावर आणि दुसरी येण्याआधी पूर्ण सफाई. सगळं काढा, खरवडा, साबणाच्या पाण्याने घासा, धुवा, सुकवा. त्यानंतरच जंतुनाशक, आणि पुन्हा सुकवणं. वाळलेल्या विष्ठेवर जंतुनाशक ओतणं म्हणजे ते फुकट घालवणं, कारण घाण त्याला आधी निकामी करते. ओल्या विष्ठेवर ब्लीच कधीही ओतू नका. अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो आणि बंद खोलीत तो माणसालाही सोसत नाही. रक्ती हगवणीच्या परजीवीवर तर ब्लीच फारसं चालतही नाही. त्याला उकळतं पाणी आणि कडक ऊन लागतं. पिल्लं आत असताना ओल्या गादीत चुना मिसळण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. चुना ओल शोषतो हे खरं, पण गादी आणखी अल्कधर्मी होते आणि विरघळून बसलेला अमोनिया एकदम हवेत सुटतो. चुना रिकाम्या ब्रूडरला लावा, पिल्लांच्या पायांखाली नको.

ब्रूडरची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुवू नका. पिल्लं अगदी ठणठणीत दिसत असली तरी साल्मोनेला बाळगून असू शकतात. लहान मुलं पिल्लांना गालाशी लावतात, त्यांचे हात आणि तोंड साबणाने धुवून घ्या.

रोज संध्याकाळी मी वेगवेगळ्या कोपऱ्यांतली पाच पिल्लं उचलते. कोपरे बदलते, कारण दिव्याजवळची आणि कडेची पिल्लं वेगळ्या जमिनीवर राहत असतात. आधी पाय माझ्या मानेला लावते. गार लागले तर ऊब कमी आहे, विष्ठा किंवा गादी पाहण्याच्या आधीच कळतं. नडगी सुकलेली, सुरकुतलेली दिसली तर पिल्लू पाणी पीत नाहीये. मग तळवा, मग एकेक बोट पसरून नख. एका पिल्लाला अर्धं मिनिट पुरतं. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली साधारण 35 अंश सेल्सिअस आणि मग दर आठवड्याला तीन अंशांनी कमी, असा नियम आहे आणि तो चांगला आहे, पण तापमापी आणि पाय यांत मतभेद झाला तर मी पायांचं ऐकते.

पाचांतल्या दोघांच्या तळव्यावर डाग किंवा गोळी दिसली तर त्याच दिवशी गादी बदलायची, उद्यावर टाकायची नाही. गादी बदलूनही तीन दिवसांत नवे डाग दिसत राहिले, एकाहून जास्त पिल्लं घोट्यांवर बसायला लागली किंवा सांधा गरम आणि सुजलेला लागला, तर पशुवैद्यकाकडे जा. जाताना पिल्लाबरोबर मूठभर गादी, थोडा दाणा आणि खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी न्या. पिल्लं किती दिवसांची, पाणी कुठलं, औषध कोणतं चालू आहे, हे कागदावर लिहून ठेवा. आपण घाबरलेले असतो, तिथे गेल्यावर निम्मं आठवत नाही.